स्वयंवर : पुराणातले आणि पडद्यावरचे

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावयाचे म्हणजे मजुरीचे दर, बोनस, भविष्यनिर्वाह निधी असल्या विषयांवरच बोलावे, अशी एक समजूत आहे. दूरचित्रवाणीवरचे जोडीदार निवडण्याचे खेळ आणि पुराणातली स्वयंवरे, यांच्याशी विडी कामगारांच्या संघटकाचा संबंध काय, असे कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो आम्ही आरंभीच सांगून टाकतो.

आमचे बोदलकसा हे तिरोडा तालुक्यातले तळ्याकाठचे गाव. नागझिऱ्याचे जंगल जवळ. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा आणि उरलेले वर्षभर जमेल तेव्हा विड्या वळायच्या, यावर या भागातल्या कित्येक घरांनी दिवस काढले. हा धंदा आता पूर्वीसारखा राहिला नाही. पण ज्या घरांतून सूप मांडीवर घेऊन बाया अजून बसतात, तेथे आम्ही वर्षानुवर्षे जात आहोत. विडी वळणाऱ्या बाईचे हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान मात्र मोकळे असतात. त्या मोकळ्या कानांत एके काळी पोथी पडत असे, मग रेडिओ आला, मग दूरचित्रवाणी आणि आता मोबाईल. आणि या कानांना काय आवडते हे आम्ही पुरते ओळखून आहोत. कोणी कोणाला निवडले, कोणी कोणाला नाकारले, आणि निवडलेल्याचे पुढे काय झाले! शहाणी माणसे याला थिल्लरपणा म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. कष्ट करणारी एवढी माणसे ज्यापुढे रोज बसतात, त्यात त्यांची काही गरज भागत असली पाहिजे. ती गरज कोणती, आणि ती भागवणारा आपला माल कसा विकतो, हे पाहणे आम्ही आमचे कामच समजतो.

प्रथम हा खेळ काय असतो ते सांगू. कारण सभागृहातल्या काही वडीलधाऱ्यांनी तो पाहिला नसेल.

अमेरिकेत १९६५ साली ‘द डेटिंग गेम’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पडद्याआड तीन तरुण बसत. अलीकडे एक तरुणी बसे. ती त्यांना प्रश्न विचारी आणि केवळ उत्तरांवरून एकाची निवड करी. बक्षीस म्हणून दोघांना बरोबर फिरायला पाठवीत. ब्रिटनमध्ये १९८५ साली ‘ब्लाइंड डेट’ या नावाने असाच खेळ आला आणि बरीच वर्षे चालला. २००२ साली अमेरिकेत ‘द बॅचलर’ निघाला. त्यात एक तरुण आणि पंचवीस तरुणी. दर आठवड्यास तो काहींच्या हाती गुलाब देई आणि जिला गुलाब मिळाला नाही ती घरी जाई. आपल्याकडे २००८ साली ‘स्प्लिट्सव्हिला’ आला. २००९ साली राखी सावंत या मराठी नटीचे लग्न जुळवण्याचा कार्यक्रम एनडीटीव्ही इमॅजिन या वाहिनीने केला. त्याचे नाव काय ठेवले? ‘राखी का स्वयंवर’!

हे नाव विचार करण्यासारखे आहे. साचा परदेशातला, यंत्रे परदेशातली, पैसा जाहिरातवाल्यांचा. पण घराघरांत शिरायचे तर नाव मात्र रुक्मिणी-दमयंतीच्या घरातून उसने आणावे लागले. तेव्हा त्या घराकडे जाऊ. ते काही लांब नाही. ते आपल्या विदर्भातच आहे.

पुराणे आणि काव्ये चाळली तर स्वयंवरातल्या नामांकित वधू विदर्भाच्याच निघतात. दमयंती ही विदर्भाच्या भीमराजाची कन्या. कालिदासाच्या रघुवंशातली इंदुमती ही विदर्भाच्या भोजराजाची बहीण. रुक्मिणी ही भीष्मकाची लेक. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे तिचे माहेर, आणि तेथून आषाढीस आजही पालखी पंढरपुरास जाते. मराठी वाङ्मयाचा पायाच या लग्नांवर घातलेला दिसतो. तेराव्या शतकात महदंबेने जे धवळे रचले, ते कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे. त्याच शतकाच्या अखेरीस नरेंद्र कवीने रुक्मिणीस्वयंवर लिहिले. १५७१ साली एकनाथांनी काशीत रुक्मिणीस्वयंवर पुरे केले. या एकनाथी ग्रंथाचे पुढे काय झाले ते घरोघरच्या आजीबाईंना विचारा. मुलीचे लग्न जमत नसेल तर तिच्याकडून त्याचे पारायण करवून घेण्याची चाल पडली, आणि ती अजून सर्वस्वी मोडलेली नाही.

नाटक आले तेव्हाही हेच झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ चे, त्यात सुभद्रेचे मन एकीकडे आणि बलरामदादाचा हट्ट दुसरीकडे. खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ १९१६ चे, आणि त्यात बालगंधर्वांची रुक्मिणी. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झाले की मंडया भरतात, रात्रीचे नाटक सुरू होते ते उजाडता संपते. शेणाने सारवलेल्या जागी घोंगडी अंथरून बसलेली माणसे झोप मोडून काय पाहतात? मुलगा आणि मुलगी, मध्ये बाप, पंच आणि पैसा. याच मंडईत पाहुणेराऊळे जमतात आणि सोयरिकीच्या गोष्टीही निघतात. म्हणजे मंचावर एक स्वयंवर चालू असते आणि मंडपाच्या कडेला दुसरे! पण दोहोंत एक फरक आहे. मंचावर मुलगी बोलते, मंडपाच्या कडेला तिचे मामा बोलतात.

या फरकातच सगळे रहस्य आहे असे आमचे मत आहे.

आपल्याकडे लग्न ठरते कसे? मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होतो. ती पोह्यांची बशी घेऊन येते, खाली मान घालून बसते. शिक्षण, रंग, उंची, स्वयंपाक यांची विचारपूस होते. पाहणारे निघून जातात आणि निरोप येईपर्यंत ती घरात वावरते, ती कशी हे तिलाच ठाऊक. येथे आमच्या धंद्यातला एक शब्द वापरल्यावाचून आम्हांस राहवत नाही. विडी कामगार हजारावर मजुरी घेते. तिने आणलेला माल सट्टेदार तपासतो आणि पसंत न पडलेल्या विड्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाट कशी झाली, का झाली, हे विचारायची सोय फारशी नसते. आता जिचा माल रोज कोणी तरी छाटतो, आणि जिला स्वतःलाही एकदा असेच पाहून पसंत किंवा नापसंत केलेले असते, अशा बाईच्या समोर पडद्यावर एक मुलगी उच्चासनावर बसते, पुढे दहाबारा पुरुष रांगेने उभे राहतात आणि ती एकेकाला म्हणते, ‘तुम्ही जाऊ शकता.’ या बाईला ते पाहून बरे वाटणार नाही तर काय वाटेल? छाटणारा हात आज बदलला, एवढाच त्यातला आनंद आहे. तो लहान असेल, पण खोटा नाही.

दुसरे आकर्षण न्याय करण्याचे. प्रेक्षकही मनात निवड करतो. ‘हा लबाड दिसतो, तो बरा आहे’ असा निवाडा तो देत असतो. ज्याचे मत घरात, गावात, कारखान्यात कोणी विचारत नाही, त्याला येथे तासभर पंच होता येते. आणि तिसरे आकर्षण नियमांचे. खऱ्या आयुष्यात प्रेम कोठे सुरू होते, कोठे तुटते, कोणाचे चुकले, याचा पत्ता लागत नाही. खेळात पाळी असते, फेरी असते, प्रत्येकाला बोलायची संधी असते आणि शेवटी माळ असते. रघुवंशातही हेच आहे. इंदुमतीबरोबर सुनंदा नावाची द्वारपालिका चालते. प्रत्येक राजापुढे थांबून त्याचे कुळ, पराक्रम, वैभव सांगते. इंदुमती ऐकते आणि पुढे सरकते. आजच्या कार्यक्रमाची निवेदिका ती हीच, फक्त सुनंदेला जाहिरातीसाठी मध्येच थांबावे लागत नव्हते!

येथे एक शंका निघेल. ‘मग पुराण आणि पडदा यांत फरक तो काय? दोन्ही मनोरंजनच.’ फरक मोठा आहे, आणि तो समजण्यासाठी एक प्रश्न पुरे : अटी कोणी घातल्या?

स्वयंवर या शब्दाचा अर्थ स्वतः वरणे. पण सगळ्या स्वयंवरांत वधूने वरले असे मुळीच नाही. सीतेच्या लग्नात पण होता धनुष्याचा आणि तो लावला जनकाने. द्रौपदीच्या लग्नात पण होता मत्स्यवेधाचा आणि तो लावला द्रुपदाने. जो जिंकेल त्याच्या गळ्यात माळ. तेथे वधूला निवड कितीशी होती? याच्या उलट रुक्मिणी पाहा. भावाने, रुक्मीने, शिशुपाल ठरवला होता. वऱ्हाड दाराशी आले होते. तिने ब्राह्मणाच्या हाती श्रीकृष्णाला पत्र पाठवले. त्यात आपली इच्छा कळवली आणि कोणत्या वेळी, कोणत्या देवळापाशी यावे तेही कळवले. सर्व बेत तिचा. म्हणून लोकांनी स्वयंवर हे नाव तिच्या लग्नाला प्रेमाने लावले, जरी तेथे राजांची रांग नव्हती आणि ते लग्न सरळ पळून जाऊन केलेले होते! लोकांना मंडप प्रिय नव्हता, मुलीचे मन प्रिय होते.

पडद्यावरच्या स्वयंवरात अटी कोण घालतो? वधू घालत नाही, वरही घालत नाहीत. कार्यक्रम करणारी कंपनी घालते. कोणी कोठे राहायचे, कोणाशी केव्हा बोलायचे, फोन केव्हा काढून घ्यायचा, कोणाचे रडणे दाखवायचे आणि कोणाचे हसणे कापायचे, हे सर्व ती ठरवते. दिवसभर चित्रण चालते आणि त्यातली थोडी मिनिटे आपल्यापुढे येतात. उरलेल्याची छाट झालेली असते. हे काम आहे, आणि काम म्हटले की आमचा कान टवकारतो. ‘लव्ह इज ब्लाइंड’ या अमेरिकन कार्यक्रमात स्त्रीपुरुष एकमेकांस न पाहता वेगळ्या खोल्यांतून बोलतात आणि लग्न ठरवतात. त्यातल्या एका स्पर्धकाने २०२२ साली कॅलिफोर्नियात दावा लावला. त्याचे म्हणणे असे की दिवसाला वीस वीस तास राबवून घेतात, अन्नपाणी अपुरे देतात, दारू मात्र मुबलक देतात आणि पडलेली मजुरी किमान वेतनाहून कमी भरते. कंपन्यांनी आरोप नाकारले. तरी २०२४ साली सुमारे चौदा लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी डिसेंबरात तिकडच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाने तक्रारपत्र काढले आणि म्हटले की ही माणसे पाहुणी नव्हेत, कामगार आहेत.

श्रोतेहो, विडी कामगारांच्या बाबतीत हाच वाद किती वर्षे चालला! घरी बसून वळणारी बाई ही कामगार की स्वतंत्र कारागीर? १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा झाला, आणि घरी बसून वळणारीही कामगार आहे हे त्याने स्पष्ट केले. प्रेम करण्याचे काम करून घेणाऱ्यांनाही तोच प्रश्न आता पडला आहे. ज्याचा घाम दिसत नाही, त्याची मजुरी बुडवणे सोपे असते.

घाम हा शब्द आला आहे, तेव्हा दमयंतीची गोष्ट आता सांगितली पाहिजे; आमच्या मते या विषयाचा सारा अर्थ तिच्यात आहे.

महाभारताच्या वनपर्वात ही कथा आहे. हंसाच्या तोंडून नळाची कीर्ती ऐकून दमयंतीने त्याला मनाने वरलेच होते. स्वयंवराच्या दिवशी ती माळ घेऊन येते तो समोर पाच नळ! इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे नळाचे रूप घेऊन बसलेले. पाचही सुंदर, पाचही सारखे. आता निवडायचे कसे? तिने नीट पाहिले. चौघांच्या अंगावर घाम नव्हता, धूळ नव्हती. पापण्या लवत नव्हत्या. फुले कोमेजत नव्हती. पाय जमिनीला टेकत नव्हते. सावली पडत नव्हती. पाचव्याला घाम होता, धूळ होती, त्याच्या गळ्यातली फुले सुकत होती, त्याची सावली पडत होती. तिने त्याला माळ घातली.

देव सोडून तिने घामेजलेला माणूस निवडला! आमच्या चळवळीतल्या कोणाही वक्त्याला याहून मोठे वाक्य सुचलेले आम्ही ऐकले नाही. निवड म्हणजे काय, याची ही व्याख्या आहे. समोरच्याची सावली कोठे पडते ते पाहून मग माळ घालणे. आणि पडद्यावर काय करतात? घाम पुसतात, तोंडाला रंग लावतात, प्रकाश असा पाडतात की सावली दिसू नये. म्हणजे दमयंतीच्या ज्या खुणा, त्याच खोडून टाकतात आणि म्हणतात, आता निवड कर!

शिवाय गोष्ट माळेपाशी संपत नाही. नळ द्यूतात राज्य हरतो. एका वस्त्रानिशी दोघे रानात जातात. तेथे तो तिला झोपेत सोडून जातो. तिचे हाल होतात, ती माहेरी पोहोचते. मग ती दुसऱ्या स्वयंवराची आवई उठवते. हे दुसरे स्वयंवर खरे नव्हते. नवऱ्याला शोधून काढण्याची ती युक्ती होती. बाहुक नावाचा सारथी होऊन तो येतो. ती त्याने शिजवलेले अन्न चाखून पाहते, मुलांना त्याच्याकडे पाठवून त्याचे डोळे भरतात का ते पाहते, आणि मग त्याला ओळखते. पहिल्या वेळी तिने खुणा पाहिल्या, दुसऱ्या वेळी त्याची कृती पाहिली. कार्यक्रम मात्र माळेपाशी संपतो. २००९ च्या त्या स्वयंवरात शेवटी लग्न न होता वाङ्निश्चय झाला आणि काही महिन्यांत तोही मोडला. यात त्या नटीस दोष देणारे पुष्कळ निघाले. आम्ही देत नाही. थोड्या आठवड्यांत, लखलखाटात, करारनाम्याखाली कोणाची सावली दिसणार?

घाम पाहून जोडीदार ठरवण्याची रीत आमच्या मुलखाला अनोळखी नाही. गोंड समाजात लमसेना म्हणून एक चाल होती. मुलाने मुलीच्या घरी राहायचे, शेतात राबायचे आणि मग लग्न व्हायचे. आम्ही तिचे कोडकौतुक करणार नाही. बिनपगारी राबवून घेण्याचा दोष तिच्यातही होता. पण मुलीला आणि तिच्या घराला माणूस दिसत असे, पावसात, चिखलात, भुकेच्या वेळी.

आता शेवटचा आणि अवघड भाग. तो पडद्याविषयी नाही, आपल्याविषयी आहे.

रुक्मिणीचे पारायण करणाऱ्या घरात रुक्मिणीसारखे पत्र सापडले तर काय होते? २०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. मराठी चित्रपटाने तोवर कधी मिळवले नव्हते एवढे उत्पन्न त्याने मिळवले. गावोगाव लोक गाण्यांवर थिएटरात नाचले. त्या चित्रपटाच्या शेवटी काय होते ते सर्वांस माहीत आहे, आणि ते खोटे आहे असे कोणी म्हटले नाही. पडद्यावर निवड केली की टाळ्या, घरात केली की काठ्या, हा आपला हिशेब आहे. म्हणूनच तर पडद्यापुढे एवढी गर्दी होते! जे घरात मिळत नाही ते बाजारात विकत मिळते. घरात पाणी असते तर बाटलीवाल्याचा धंदा कशाला चालला असता?

कायदा या बाबतीत आपल्यापुढे आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच जातिसंस्थेच्या विध्वंसनावरच्या आपल्या भाषणात मिश्रविवाह हाच खरा उपाय म्हणून सांगितले. १९५४ चा विशेष विवाह कायदा जात-धर्म न विचारता लग्न नोंदवतो. मात्र तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लावावी लागते, आणि त्या तीस दिवसांतच जोडप्याच्या जिवाला घोर लागतो. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात निकाल दिला की दोन सज्ञान माणसांनी एकमेकांस निवडले तर कुटुंबाची, जातीची वा कुळाची संमती आवश्यक नाही. अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा आणि जिल्ह्याजिल्ह्यांत खास कक्ष करावा, असेही सांगितले. आपल्या तालुक्यात असे जोडपे पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभे राहिले तर त्याला कोठे पाठवायचे, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? ही माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असावी, अशी आमची मागणी आहे, आणि ती कोणालाही परवडणारी आहे.

कार्यक्रम पाहू नका, असे आम्ही म्हणणार नाही. दिवसभर हजार विड्या वळणाऱ्या बाईला करमणुकीचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. एवढेच सुचवतो की पाहताना तीन प्रश्न विचारावेत. अटी कोणी घातल्या? घाम कोणाचा आणि पैसा कोणाचा? माळ पडल्यानंतर काय झाले? आणि हेच तीन प्रश्न आपल्या घरी पोह्यांची बशी बाहेर येईल तेव्हाही विचारावेत.

मुलगी बशी घेऊन आली की तिला खाली मान घालून बसवू नका. तिला समोरच्याकडे नीट पाहू द्या, त्याला प्रश्न करू द्या आणि पुढचे काही दिवस विचार करू द्या. तिने ‘नको’ म्हटले तर तो निरोप तितक्याच सन्मानाने पोहोचवा. तिने कोणाचे नाव घेतले तर जात विचारण्याआधी तो कसा राबतो, कसा वागतो हे जाऊन पाहा. दमयंतीच्या बापाने, भीमराजाने, मंडप उभारून दिला आणि निवड लेकीवर सोडली. विदर्भातल्या बापांना यासाठी दुसरीकडून धडा आणण्याची गरज नाही.